पन्नास शब्द, आणि वेळेला एकही नाही

इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये एक यादी वाटतात. भविष्याबद्दल चिंता व्यक्त करण्याचे पन्नास मार्ग, असा तिचा मथळा असतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. वरीड म्हणजे चिंतित. अँक्शस म्हणजे चिंतातुर. कन्सर्न्ड म्हणजे चिंताग्रस्त. अ‍ॅप्रिहेन्सिव्ह म्हणजे साशंक, आणि स्वल्पविराम देऊन पुन्हा चिंतित. अनईझी म्हणजे अस्वस्थ. ड्रेड म्हणजे भीती, फिअर म्हणजेही भीती. झेरॉक्सची झेरॉक्स काढत आल्यामुळे खालच्या ओळी अर्ध्या कापलेल्या असतात, आणि त्या ओळींतले शब्द मुलं एकमेकांच्या वहीत बघून अंदाजानं पुरे करतात.

मला या यादीचा राग आहे आणि तो बरेच दिवस साठलेला आहे. मी मिरजेत संध्याकाळी इंग्रजी शिकवते. परदेशी नोकरीसाठी परीक्षा देणाऱ्या नर्स आणि बाहेर शिकायला निघालेली आसपासच्या तालुक्यांतली मुलं, हे माझे विद्यार्थी. त्यांच्यातले कितीतरी जण आधी दुसरीकडे फी भरून, ही यादी पाठ करून माझ्याकडे येतात. त्यांना काळजी नाही असं नाही. कर्ज, व्हिसा, घरी एकट्या राहणाऱ्या आईचे गुडघे, एजंटानं ठेवून घेतलेली कागदपत्रं, सगळी काळजी आहे. ती सांगायची वेळ आली की ते यादीतला सगळ्यात लांबलचक शब्द शोधायला लागतात आणि सांगायचं ते राहून जातं.

तक्रारी किरकोळ आहेत, हे मला ठाऊक आहे. पण त्या एकावर एक चढत जातात, म्हणून लहानापासून सुरू करते.

शब्दापुढे कुठलं शब्दयोगी अव्यय लागतं ते यादीत नसतं. वरीडपुढे अबाउट लागतं, फिअरफुलपुढे ऑफ लागतं, आणि कन्सर्न्डपुढे अबाउटच्या जागी विथ आलं तर काळजीचा विषयच संपतो, उरतो तो नुसता संबंध. एवढी माहिती द्यायला प्रत्येक ओळीत दोन-तीन अक्षरांची जागा लागते. तेवढी जागा कागदावर असते. तिथे फुलाची नक्षी असते.

कुठला शब्द कुठल्या काळजीला चालतो, तेही नसतं. नर्व्हस हा मुलाखतीच्या दाराबाहेर बसलेल्या माणसाचा शब्द आहे. आता आपल्याला काहीतरी करून दाखवायचंय, ही ती धाकधूक. ड्रेड हा येणार हे नक्की असलेल्या गोष्टीचा शब्द आहे: हप्त्याची तारीख, रिपोर्टचा दिवस. अ‍ॅप्रिहेन्सिव्ह पुढच्या, अजून न घडलेल्या गोष्टीबद्दलच वापरतात. कन्सर्न्ड हा ऑफिसात आणि हॉस्पिटलात चालणारा शब्द आहे, कारण त्यात बोलणारा स्वतःला सावरून बोलतो. आणि एखादा इंग्रज वरिष्ठ आपण किंचित कन्सर्न्ड आहोत असं लिहितो, तेव्हा बहुधा प्रकरण गंभीर असतं. हिंजवडीत नोकरी करणारी मुलं मला सांगतात की अशा ईमेलमधलं 'किंचित' वाचून ती निवांत जेवायला जातात आणि परत येतात तेव्हा त्यांच्या मॅनेजरला मॅनेजरच्या मॅनेजरचा फोन येऊन गेलेला असतो. यादीत हे चारही शब्द एकाखाली एक आहेत, सारख्याच आकाराच्या अक्षरांत, जणू कुठलाही उचलावा आणि कुठेही लावावा.

मग वाक्प्रचार. पोटात फुलपाखरं उडणं, टाचण्या-सुयांवर बसणं, पाय गार पडणं, डोक्यावर डॅमोक्लिसची तलवार लटकणं. हे वाक्प्रचार परीक्षेत गुण मिळवून देतात, असं मुलांना सांगितलेलं असतं. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतली तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. तिच्या शेवटच्या भागात परीक्षक अमूर्त विषयावर बोलायला लावतो आणि तिथे भविष्याचा प्रश्न हमखास निघतो: येत्या वीस वर्षांत शहरं कशी होतील, लोकांना कशाची चिंता वाटेल. गुण चार गोष्टींना सारखे वाटलेले असतात आणि शब्दसंपत्ती ही त्यातली एक, म्हणजे चौथा हिस्सा. सात बँडच्या जाहीर वर्णनात कमी प्रचलित आणि वाक्प्रचारयुक्त शब्दांचा उल्लेख आहे, हे खरं. पण त्याच ओळीत पुढे शैलीचं आणि कुठला शब्द कुठल्या शब्दाशेजारी बसतो याचं भान असावं, असंही म्हटलंय. क्लासवाल्यांनी ओळीचा पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला. वर पाठ केलेलं उत्तर ओळखण्याचं प्रशिक्षण परीक्षकांना दिलेलं असतं, हेही मुलांना कुणी सांगत नाही. एका सकाळी एकाच गावातून आलेल्या मुलांच्या पोटात ओळीनं तीच फुलपाखरं उडायला लागली तर समोरच्याला काय कळायचं ते कळतं.

तासगावकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. घरची द्राक्षबाग, वडील आणि थोरला भाऊ बघतात. सरावाच्या वेळी मी त्याला विचारलं, तुमच्या भागातल्या लोकांना पुढच्या काही वर्षांबद्दल कशाची काळजी वाटते? त्यानं श्वास घेतला आणि हवामानबदल, मानवजात, टांगती तलवार असं सगळं एका दमात म्हणून टाकलं. उच्चार स्वच्छ, व्याकरण बरोबर, आणि ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नाही. म्हटलं, ते राहू दे, बागेचं काय चाललंय ते मराठीत सांग.

मग तो बोलायला लागला. ऑक्टोबर छाटणी झाली की माल सेट होईपर्यंत घरात कुणी धड झोपत नाही. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला तर घडकूज होते, गळ होते. पाऊस नाही आला आणि नुसतं ढगाळ राहिलं तरी डावणी रोगाची भीती, मग फवारणीवर फवारणी, आणि औषधाच्या दुकानातली उधारी वाढत जाते. यंदा छाटणी लांबवायची की नेहमीच्या वेळेला घ्यायची, यावरून वडील आणि भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. लांबवली तर माल उशिरा येतो आणि भाव पडलेला असतो. नाही लांबवली तर पाऊस गाठतो. त्यातच याच्या परदेशाच्या फीसाठी बागेवर कर्ज काढायचं घाटत होतं.

मी म्हटलं, यातलं एक वाक्य इंग्रजीत सांग. थोडा विचार करून तो म्हणाला: इफ इट रेन्स व्हेन द व्हाइन्स आर फ्लॉवरिंग, द बंचेस रॉट. सगळे शब्द शाळेतले. वाक्यात चूक नाही, आणि ऐकणाऱ्याला बाग दिसते. त्याचा चेहरा मात्र पडलेला. "पण मॅडम, यात एकपण भारी शब्द नाही. चालेल का?"

चालेल का, हा त्याचा प्रश्न मला लागला. बाहेरच्या क्लासमध्ये अशा वाक्यांवर लाल पेनानं गोल करून 'फार सोपं' असा शेरा मिळालेला त्यानं मला वहीत दाखवला. स्वतःच्या घरावर येऊ घातलेलं संकट एका सरळ वाक्यात सांगता येणं, ही भाषा आल्याची खूण आहे. ती खूण खोडून तिथे तलवार लटकवायला लावतात, आणि त्याचे पैसे घेतात.

मराठी माध्यमातल्या आमच्यासारख्यांना तर चिंतेचं एकच अवजार शाळेनं दिलं होतं: लेस्ट. 'अमुक होईल या भीतीनं' हा अर्थ एका शब्दात आणणारं हे अव्यय. टू काढा, नो सूनर घाला, लेस्ट वापरून वाक्य पुन्हा लिहा, हे प्रश्न सोडवून पिढ्या पास झाल्या. जपून चाल, नाहीतर पडशील, हे लेस्ट आणि शुड घालून कसं लिहायचं ते झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. हा शब्द बोलताना जवळजवळ कुणी वापरत नाही. इंग्लंडात जाऊन नर्स म्हणून काम करणारी माझी एक विद्यार्थिनी सांगते की तिनं तो तिथे युद्धस्मारकांवर कोरलेला पाहिला, माणसांच्या तोंडून ऐकला नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पुस्तकं बदलली, त्यांत संवाद आले, चित्रं आली. तरी अकरावी-बारावीच्या सराव संचांत लेस्ट आहेच. इफ आणि माइट या दोन साध्या शब्दांवर कुणी आठवडाभर सराव घ्यावा, तर ते नाही.

व्याकरणाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत एक बुडणारा परदेशी माणूस आहे. शॅल आणि विल यांतला फरक समजावायला त्याचा किस्सा सांगतात. तो पाण्यातून ओरडतो, पण दोन्ही सहाय्यक क्रियापदांची अदलाबदल करतो. त्यामुळे व्याकरणाप्रमाणे त्याच्या ओरडण्याचा अर्थ असा होतो की माझा बुडण्याचा निश्चय झालेला आहे आणि मला कुणी वाचवू नये. काठावरची माणसं मग त्याच्या इच्छेचा मान राखतात. हा विनोद म्हणून सांगतात. मला तो कधीही विनोद वाटला नाही. बुडणाऱ्याचा आवाज, त्याचे हात, त्याचं पाण्याखाली जाणारं डोकं हे सगळं दिसत असताना क्रियापद तपासणारी माणसं त्यात आहेत, आणि चूक बुडणाऱ्याची ठरवली आहे. भाषा शिकणाऱ्या मुलांच्या मनात जी धास्ती बसते ती अशा किश्श्यांनीच बसते: आधी वाक्य बरोबर असू दे, मग मदत मागू.

ही धास्ती खरोखरच्या संकटात काय करू शकते, त्याची नोंद आहे. 25 जानेवारी 1990 च्या रात्री कोलंबियाच्या अव्हियांका कंपनीचं बोइंग 707 विमान बोगोटाहून मेडेलिनमार्गे न्यूयॉर्कला येत होतं. विमानात 158 माणसं होती. न्यूयॉर्कला हवा खराब आणि विमानांची गर्दी, म्हणून त्याला तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालायला लावल्या. वैमानिकांची मातृभाषा स्पॅनिश. नियंत्रकांशी इंग्रजीत बोलण्याचं काम सहवैमानिकाकडे होतं.

इंधन संपत आलंय हे त्याला माहीत होतं आणि त्यानं ते सांगितलंही. आम्हाला प्रायॉरिटी हवी, असं तो म्हणाला. पर्यायी विमानतळ बोस्टन आहे, पण तिथवर आता जाता येणार नाही, इंधन संपेल, असंही म्हणाला. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कप्तानानं त्याला आणीबाणी कळवायला सांगितलं. त्यानं दिशेबद्दलची सूचना परत म्हणून दाखवली आणि त्याच वाक्याच्या शेवटी इंधन संपत आल्याचं जोडून दिलं. कप्तानानं विचारलं तेव्हा, सांगितलंय, असं उत्तर दिलं. इमर्जन्सी आणि मेडे हे दोन शब्द, जे ऐकल्यावर नियंत्रक बाकी सगळी विमानं बाजूला सारतो, ते शेवटपर्यंत उच्चारले गेले नाहीत. प्रायॉरिटी हा शब्द नियंत्रकांच्या लेखी आणीबाणीचा नव्हता. थोड्या वेळानं इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावात झाडीत कोसळलं. 73 माणसं गेली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं इंधनाचं नियोजन आणि आणीबाणी न कळवणं, या दोन्हींचा ठपका वैमानिकांवर ठेवला. पण कमी इंधनाची स्थिती सांगायला वैमानिक आणि नियंत्रक दोघांनाही सारखीच कळेल अशी ठरलेली शब्दयोजना नव्हती, हेही सहायक कारणांत नोंदवलं. मी ही हकिगत वर्गात सांगते तेव्हा मुलं पहिल्यांदा विचारतात, त्याला इंग्रजी येत नव्हतं का? येत होतं. तो इंग्रजीत वाक्यं बोलत होता, ती समजत होती, व्याकरणाला धरून होती. किती काळजी आहे हे सांगणारा शब्द फक्त नव्हता.

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांचं तरी या बाबतीत ठीक आहे का? शर्मन केंट नावाचे येल विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत भविष्याचे अंदाज लिहिणाऱ्या विभागात होते. 1951 मध्ये त्यांच्या विभागानं लिहिलं की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' मानावी. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं सहज विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूनं साधारण 65 ला 35. तो अधिकारी हादरला, कारण त्यानं ते फार कमी धरलं होतं. मग केंट यांनी हा मजकूर मंजूर करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. कुणाच्या मनात 20 ला 80 होतं, कुणाच्या 80 ला 20. एकाच टेबलाभोवती बसून सगळ्यांनी एकच शब्द मान्य केला होता. 1964 मध्ये केंट यांनी यावर लेख लिहिला आणि कुठल्या शब्दाला किती शक्यता धरायची याचा तक्ता सुचवला. इंग्रजी पाळण्यात शिकलेल्या माणसांना जर असा तक्ता लागतो, तर तासगावच्या मुलाला उजव्या रकान्यात चार वेळा 'चिंतित' लिहून देणाऱ्यांनी काय शिकवलं?

ज्यांना इंग्रजीत खरोखर काळजी करावी लागते, त्यांनी शब्द वाढवले नाहीत. कमी केले, आणि प्रत्येकाचं वजन ठरवून टाकलं. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या नियमांत 2012 पासून कमी इंधनासाठी दोनच शब्दयोजना पक्क्या आहेत. मिनिमम फ्युएल म्हणजे आता आम्ही अमुक विमानतळावरच उतरणार, यापुढे उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लागू शकतो. मेडे, मेडे, मेडे, फ्युएल म्हणजे राखीव साठ्याला हात लागणारच आहे, आम्हाला आत्ता उतरवा. जेट विमानासाठी तो राखीव साठा तीस मिनिटांचा असतो. या दोन पायऱ्यांच्या मध्ये सभ्यपणे सुचवायला जागाच ठेवलेली नाही.

हॉस्पिटलांत तसंच. अमेरिकेत 2006 मध्ये टीमस्टेप्स नावाचा प्रशिक्षणक्रम निघाला. त्यात नर्सनं डॉक्टरला थांबवायचं असेल तर तीन वाक्यं दिली आहेत, चढत्या क्रमानं. आय अ‍ॅम कन्सर्न्ड. आय अ‍ॅम अनकम्फर्टेबल. धिस इज अ सेफ्टी इश्यू. पहिल्या वाक्यानं काम झालं तर दुसऱ्याची गरज नाही. तिसरं आलं की ऐकणाऱ्यानं हातातलं काम थांबवायचं. आमच्याकडे यादीत कन्सर्न्ड आहे, अनकम्फर्टेबलही आहे, पण कुठल्याच क्रमानं नाही.

आणि हे समजायला अमेरिकेपर्यंत जायला नको. सांगली-मिरजेत पावसाळ्यात कृष्णा वाढायला लागली की कुणी कुणाला 'काळजी वाटते का' असं विचारत नाही. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, एवढंच विचारतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. पस्तीस म्हटल्यावर नदीकाठच्या घरातला माणूस काय करतो, चाळीस म्हटल्यावर काय करतो आणि पंचेचाळीस म्हटल्यावर गुरं सोडून कुठे नेतो, हे ठरलेलं असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हाही लोक रात्रभर एकमेकांना आकडेच सांगत होते. भविष्याची काळजी कशी बोलायची याचं इतकं पक्कं शिक्षण ज्या गावाला आहे, त्या गावातली मुलं इंग्रजीच्या वर्गात आली की त्यांना सांगतात, तुम्हाला चिंता व्यक्त करता येत नाही, ही घ्या यादी.

आणखी एक तक्रार नोकरीच्या मुलाखतीचं प्रशिक्षण देणाऱ्यांबद्दलची. ते सांगतात, वरीड म्हणूच नका, ते नकारात्मक आहे. प्रॉब्लेमला चॅलेंज म्हणा, काळजीला एक्साइटमेंट म्हणा. एकीकडे चिंतेचे पन्नास शब्द पाठ करायचे आणि दुसरीकडे त्यातला एकही तोंडातून काढायचा नाही. प्रकल्प वेळेत होणार नाही हे ज्या मुलीला सगळ्यांत आधी कळलेलं असतं, तिला ते सांगायची बंदी, आणि शेवटी तो झाला नाही की तिलाच विचारणा: तू आधी का बोलली नाहीस?

यादीत एक शब्द तर धोकादायक आहे. डाउट म्हणजे शंका. मराठीत आपण म्हणतो, मला शंका आहे की जखम चिघळतेय, म्हणजे मला वाटतं चिघळतेय, बघायला पाहिजे. तेच शब्दाला शब्द ठेवून आय डाउट असं सुरू केलं की इंग्रज डॉक्टरला उलटं ऐकू येतं: जखम चिघळली असेल असं मला वाटत नाही. नर्सनं काळजी सांगितली आणि समोरच्यापर्यंत दिलासा पोचला. तिथे सस्पेक्ट हा शब्द हवा. तो यादीत नाही, कारण यादी करणाऱ्यानं तो गुन्हेगारीच्या यादीत घातलाय. या एका शब्दासाठी मी ती यादी वर्गात फाडायला लावली असती, पण पोरींनी त्यासाठी पैसे मोजलेत. म्हणून फक्त त्या ओळीवर काट मारायला लावते.

नर्सना द्यावी लागणारी ओईटी ही परीक्षा या बाबतीत शहाणी आहे. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेनं ती 2017 पासून मान्य केली. तिच्या तोंडी भागात दोन प्रसंग करून दाखवायचे असतात, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे, तयारीला तीन मिनिटं. समोरचा माणूस पेशंट किंवा त्याचा नातेवाईक होतो. त्याला पुढची काळजी असते आणि ती काढून घेणं, ऐकणं हे नर्सचं काम असतं, त्याला गुण असतात. इथे आमच्या मुली पहिल्यांदा अडतात त्या डोन्ट वरीवर. पेशंट म्हणतो, ऑपरेशननंतर मला चालता येईल ना? आणि ही तत्काळ म्हणते, डोन्ट वरी. मायेनंच म्हणते, घरीही आपण तसंच म्हणतो. पण त्या दोन शब्दांनी पेशंटचं बोलणं बंद होतं. तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटतेय, एवढं विचारलं तर तो सांगतो की घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. मग जिन्याबद्दल बोलता येतं, फिजिओथेरपीबद्दल बोलता येतं. हा प्रश्न पाचवीच्या इंग्रजीत विचारता येतो.

म्हणून माझ्या वर्गात काळजीचं वाक्य चार तुकड्यांत सांगायला लावते: काय होईल, कधीपर्यंत, किती खात्री आहे, आणि ऐकणाऱ्यानं काय करावं. शेवटचा तुकडा सगळ्यांत अवघड जातो. मुलं पहिले तीन नीट सांगतात आणि गप्प बसतात. समोरच्यानं समजून घ्यावं अशी अपेक्षा असते. परक्या भाषेत, परक्या देशात, फोनवर ते कुणी समजून घेत नाही. फी भरायला आठवडा वाढवून द्या, असं बोलावं लागतं. डोस तपासून बघा, असं म्हणावं लागतं.

टीमस्टेप्सची ती तीन वाक्यं आम्ही जोड्या करून म्हणतो. एक मुलगी डॉक्टर होते, एक नर्स. औषधाचं नाव घेऊन, डोस घेऊन, उभं राहून, मोठ्यानं. पहिलं वाक्य सगळ्यांना जमतं. दुसऱ्यापाशी आवाज खाली येतो, कारण वर्षानुवर्षं वॉर्डात 'हो सर' म्हणून सवय झालेली असते आणि सरांसमोर आपण अनकम्फर्टेबल आहोत हे सांगणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. एकीनं विचारलं, आधी सॉरी म्हटलं तर चालेल का? म्हटलं, नाही, पुन्हा म्हण. तिनं पुन्हा म्हटलं आणि पुन्हा सॉरी आलंच. मग डॉक्टर झालेल्या मुलीनं सांगितलं, तू सॉरी म्हणालीस की मला वाटतं विषय संपला. त्यानंतर ते निघालं. हे शब्द तिला आधीपासून येत होते. ते चढ्या आवाजात, न माफी मागता, बरोबर क्रमानं बाहेर यायला संध्याकाळमागून संध्याकाळ जाते. यादीवाल्या क्लासमध्ये चिंता या विषयाला एक संध्याकाळ मिळते, आणि दुसऱ्या दिवशी छंद सुरू होतात.